तीन बोटं की एक मूठ

गाडीतून उतरला की तो आधी माझ्याकडं बघायचाच नाही. सरळ मागच्या चाकापाशी जायचा, उकिडवा बसायचा आणि टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत हाताची मूठ घालायचा. मूठ काढून मग तिथंच तीन बोटं आडवी धरायचा. मान तिरकी करून बघत राहायचा.

"मिस्त्री, तीन बोटं उचलायची का मूठभर?"

हाच त्याचा रामराम. तीन बोटं म्हणजे दोन इंच, मूठ म्हणजे चार. पिकअप जमिनीपासून अजून किती वर घ्यायची, एवढाच प्रश्न. एवढ्याशा प्रश्नावर या माणसानं माझं जवळजवळ वर्षभर डोकं खाल्लं.

बेळगावजवळ मच्छ्यात, खानापूरच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. पाटे, शॉकअप, बुश, थोडक्यात गाडीच्या पोटाखालचं सगळं काम मी करतो. मूळचा निपाणीचा, त्यामुळं तोंड तिखट आणि स्वभाव एक घाव दोन तुकडे. गिऱ्हाइकानं यावं, काम सांगावं, गाडी सोडून जावं. आणि माझ्या नशिबी आला हा.

वडगावचा विणकर. घरातच यंत्रमाग, साड्यांचं काम. सगळे अण्णा म्हणायचे, मीही म्हणायचो. त्याची जुनी फोर बाय फोर पिकअप रोज रस्त्यावर असायची. सकाळी सूत गुंडाळलेले भीम मागावर पोचवायचे, म्हणजे ते मोठाले लोखंडी रूळ. दुपारी साड्यांचे गठ्ठे खडेबाजारात टाकायचे. वडगावच्या बोळांतून ती गाडी तो सुईत दोरा घातल्यासारखी काढायचा.

तुम्हीही अशी माणसं बघितली असतील, ज्यांच्या बुडाखाली खुर्ची टिकत नाही. अण्णाला चहा दिला की अर्धा दारात उभा राहून प्यायचा आणि उरलेला अर्धा पेला हातात घेऊन सगळं गॅरेज फिरायचा. पेला नंतर मला कुठंही सापडायचा, एकदा तर जॅकवर. "बसा की अण्णा," म्हटलं की "बसतो की" म्हणायचा आणि चालायला लागायचा. बायकोला त्यानं पिकअप शिकवली तीही आमच्या मच्छ्याच्या माळावर. वहिनी स्टिअरिंगवर, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि हा गाडीबरोबर बाहेरून चालत, खिडकीला हात लावून. का, तर बाजूच्या सीटवर त्याला बसवत नव्हतं. वहिनी आतून म्हणाल्या, "तुमी जरा मागं ऱ्हावा, न्हायतर तुमच्याच पायावरनं जाईन मी." आठ दिवसांत बाई त्याच्यापेक्षा बरी चालवायला लागली.

आता गाडीला ही लिफ्ट, म्हणजे ही जादा उंची, कशाला हवी होती, ते सांगतो.

अण्णाची थोरली बहीण, आक्का, खानापूरच्या पलीकडं, जंगलाच्या कडेच्या एका वाडीत दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही, दोन म्हशी आणि ती. आई लवकर गेल्यामुळं अण्णाला तिनंच वाढवलेलं. एका हातानं चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची आणि दुसऱ्या हातानं याचा पाळणा ओढायची, असं तोच सांगायचा. पाळणा थांबला की हा रडायचा. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही तेव्हापासूनच असले." त्यावर हसला.

वाडीच्या अलीकडं ओढा आहे, आणि ओढ्याकडं जाणारा रस्ता म्हणजे नुसते चर आणि दगड. आदल्या पावसाळ्यात आक्काला धाप लागली. अण्णा गाडी घेऊन गेला, पण ओढ्याच्या अलीकडंच मागच्या आसाचा गोळा, म्हणजे दोन चाकांच्या मधलं गिअरचं लोखंडी भांडं, दगडावर बसला आणि चाकं हवेत फिरायला लागली. शेवटी वाडीतल्या माणसांनी आक्काला कांबळ्याच्या झोळीत घालून ओढ्यातून अलीकडं आणली.

"आणि मी हात बांधून उभा, मिस्त्री," तो मला म्हणाला. "लोकं तिला खांद्यावर आनाय लागल्यात, आनि मी गाडीवाला हुभा." आक्का वाचली. बरी झाल्यावर म्हशींकडं परत गेली, काही केल्या वडगावात राहिली नाही. पण हा काही त्या ओढ्यावरून परत आला नाही. पुढच्या पावसाच्या आत गाडी तिच्या दारात गेली पाहिजे, हेच डोक्यात.

मी त्याला सरळ सांगितलं. नुसत्या लिफ्टनं गोळा वर जात नाही, तो चाकाबरोबरच असतो. चाकं मोठी घातली तर तो वर जातो, आणि मोठी चाकं आत बसायला लिफ्ट लागते. दोन इंचात एक माप मोठं टायर बसतं. चार इंचात आणखी मोठं बसेल, ओढा काय, डोंगर चढेल. पण मग शॉकअप लांब, ब्रेकचे पाइप लांब, आणि वळणावर गाडी झोके खाणार. रोजची गाडी आहे, विचार करा.

बाकीची गिऱ्हाइकं अशा वेळी एकच विचारतात, गाडी चढेल का? हा म्हणाला, "चढंल हो. उतरताना काय?"

"कोण उतरताना?"

"आक्का."

तिथंच पहिली गाठ बसली. गाडी जितकी वर, तितकी ओढ्याला भारी आणि आक्काच्या गुडघ्यांना जड.

दुसरी गाठ अमावास्येची. आमच्याकडं माग अमावास्येला बंद. महिन्यातून तेवढाच दिवस त्याची गाडी रिकामी, त्यामुळं अण्णा दर अमावास्येला हजर. गाडी धुतलेली, लिंबू-मिरची बांधलेली, नारळ फुटलेला. आणि अमावास्येला गाडीची पूजा चालते, पण नवं काम काढायचं नाही, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. म्हणजे मोकळा दिवस एकच, आणि त्या दिवशी पाना लावायचा नाही.

"मग उद्या आणा," मी म्हणायचो.

"उद्या माग चालू न्हवं का."

"मग आलात कशाला?"

"बघाय आलतो."

आणि मूठ चाकावर. अशा किती अमावास्या गेल्या कोण जाणे. माझी बायको पंचांग बघायची बंद झाली. अण्णा आला की आज अमावास्या.

एकदा मी वैतागून त्याला निपाणीला घेऊन गेलो. माझ्या ओळखीच्या एका तंबाखूवाल्यानं त्याच्या पिकअपला चार इंची लिफ्ट केलेली. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघा आणि माझी सुटका करा. सगळ्या हायवेभर याची चुळबुळ चालू, दर पुलावर खिडकीतून खाली वाकून ओढा बघणार. निपाणीची ती गाडी जत्रेतल्या बैलासारखी सजवलेली. मालक कौतुकानं सांगत होता, कुठल्या घाटात गेली, किती पाण्यातून काढली. अण्णा गाडीभोवती फिरत होता. मग मध्येच थांबून म्हणाला, "तुमची आई कशी उतरती ह्यातनं?"

मालक हसला. "आई न्हाय बसत ह्यात. तिला कार हाय की."

परत येताना संकेश्वर मागं पडेपर्यंत अण्णा खिडकीतून ओढे मोजत होता. मग म्हणाला, "कारनं ओढा कुठला वलांडतोय."

तरी निकाल नाहीच. पुढच्या अमावास्येला त्याला नवीन शंका, गाडी उंच झाली की भीम हादरतील आणि सुताचा ताण जाईल. शेजारच्या कारखान्यातली एक उंच पिकअप मी तासाभरासाठी मागून आणली. मी चालवायला बसलो आणि हा मागं हौद्यात, भिमाच्या जागी, मांडी घालून. वळणावळणाला मागून आरोळी, "गेलं सूत." लोक थांबून बघायला लागले. मी मनात म्हटलं, मिस्त्री, कुठल्या जन्माचं पाप हे.

उन्हाळा संपत आला तसा तो जास्तच सैरभैर झाला. आभाळ भरून आलं की फोन. "मिस्त्री, खानापूरकडं काळं दिसतंय." मग एका अमावास्येला तो आक्कालाच घेऊन आला. बारकी, काटक बाई, हिरवं लुगडं, डोईवर पदर. बरोबर माझ्यासाठी विरजणाची बरणी.

"काम काढायचं न्हाय," अण्णा म्हणाला. "नुसतं मोजून बघायचं."

मी चारी चाकांखाली फळ्या सरकवल्या, पिकअप दोन इंचांच्या हिशोबानं वर घेतली. आक्कानं दांडी धरली, पाय टाकला, वर गेली. मग सावकाश उतरली. "मला कशाला मोजतोस रं, मी काय सुताचं पोतं हाय?" असं म्हणाली, पण खूश होती.

मग मी आणखी फळ्या घातल्या. चार इंच. आक्कानं एकदा भावाकडं बघितलं. पदर खोचला, ओठ मिटले आणि चढली. कशी चढली तिचं तिला ठाऊक. वर बसून म्हणाली, "बघ, चढले का न्हाय?"

"चढलीस. आता उतर."

आक्का उतरेना. समोर गॅरेजची भिंत होती, तिच्याकडं बघत म्हणाली, "बसते की जरा. हवा बरी लागती हितं."

माझ्या गॅरेजात पत्र्याखाली वाऱ्याचं नाव नाही. सगळे तसेच उभे राहिलो. अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा एका जागी उभा दिसला मला. मग त्यानं दोन्ही हात वर केले आणि लहान पोराला घ्यावं तशी बहिणीला खाली घेतली. तिला खुर्चीवर बसवलं, चाकापाशी गेला आणि तीन बोटं धरली.

"तीन बोटं, मिस्त्री."

पण दिवस कुठला? पाऊस दारात आला होता आणि महिनाभर माग थांबणार नव्हते. मी त्याला म्हटलं, "अण्णा, पुढच्या अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी गाडी आणून लावा. मी तेव्हाच एक नट ढिला करतो. म्हणजे काम आदल्या दिवशी निघालं. अमावास्येला ते फक्त चालू राहिलं."

तो गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. "नट तुमी ढिला करायचा. माझ्यादेखत."

तसंच केलं. त्याच्यादेखत मागच्या पाट्याच्या यू-बोल्टचा एक नट अर्धा फिरवला, त्यानं त्याला हळद-कुंकू लावलं आणि बस पकडून वडगावला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी गाडीखाली आणि तो गाडीभोवती. गाडी दोन इंच वर गेली, एक माप मोठी टायरं बसली.

त्या दिवशी येतानाच तो एक लाकडी ठोकळा घेऊन आला होता. थोरल्या अण्णांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या हातमागाचं सागवान घरात पडून होतं, त्याचा बनवलेला. आक्काला पाय ठेवायला. गाडीला कायमची पायरी लावली असती, पण ती चरात घासली असती. ठोकळ्याला दोरी बांधलेली आणि दोरीचं दुसरं टोक त्यानं दाराच्या वरच्या दांडीला बांधलं. दोरी लांबच लांब.

"अण्णा, खाली उतरून ठोकळा तुम्हीच ठेवणार, तुम्हीच उचलणार. एवढ्या दोरीचं काय लोणचं घालायचं?"

"असू दे की," म्हणाला आणि गेला.

पाऊस धो धो लागला. एका दुपारी मी पत्र्याखाली उभा होतो, तर खानापूरकडून त्याची पिकअप आली. लाल चिखलानं काच तेवढी मोकळी. बाजूच्या सीटवर आक्का, डोकं मागं टेकलेलं. अण्णानं लांब हॉर्न दिला आणि थांबला नाही, तसाच बेळगावकडं गेला. वर्षभर हा माणूस माझ्या दारातून न थांबता कधी गेला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की शेजारच्या टपरीवर सगळ्यांना चहा सांगितला. रात्री त्याचा फोन. "मिस्त्री, दारापर्यंत गेली. तिनं घरातनं बाहेर पाऊल टाकलं ते ठोकळ्यावरच. डॉक्टर म्हनले, येळंत आनलीसा."  

आक्का बरी झाली. त्या खेपेला मात्र म्हशी विकून वडगावला आली. अण्णा दर अमावास्येला येतच राहिला. आता काय बघायला, म्हटलं तर म्हणायचा, "सवय."

थंडीत एका सकाळी तो मागाजवळ उभ्याउभ्याच गेला. तुटलेला धागा जोडत होता म्हणे. मला राग आला त्याचा, खरं सांगतो. वर्षभर प्रत्येक गोष्टीला वेळ लावला आणि जाताना पाणी मागायचीही उसंत घेतली नाही. वडगावला जाऊन आलो. आक्का भिंतीला टेकून बसली होती, माझ्याकडं बघून फक्त हात हलवला.

पुढच्या अमावास्येला मी उगीचच सकाळपासून रस्त्याकडं बघत होतो. अकराच्या सुमाराला पिकअप आली. धुतलेली, लिंबू-मिरची बांधलेली. स्टिअरिंगवर वहिनी, बाजूला आक्का. वहिनी इंजिन बंद करून घाईनं उतरायला लागल्या, मीही हातातला पाना टाकून दाराकडं धावलो.

"थांबा," आक्का आतून म्हणाली. "घाई करू नका."

तिनं दार उघडलं. पायाशी ठेवलेला ठोकळा उचलून मांडीवर घेतला आणि दोरीनं सावकाश खाली सोडला. जरा ओढून सरळ केला. दांडी धरून एक पाय टाकला, मग दुसरा, आणि जमिनीवर उभी राहिली. कुणाचा हात घेतला नाही. मग दोरी ओढून ठोकळा परत वर घेतला आणि दार लावलं. दोरी बरोबर पुरली होती. वर हातभर उरली होती.