कोळंबीच्या मुंडावळ्या

काचेच्या टाकीत पाळलेल्या माझ्या लाल कोळंबीच्या कपाळावर पांढरे, बारीक धागे हलत होते. मला त्या मुंडावळ्याच वाटल्या. आठवडाभर मी येणाऱ्याजाणाऱ्याला त्या हौसेनं दाखवल्या. मग टाकीच्या दुकानदारानं फोटो बघून सांगितलं, "ताई, हे किडे आहेत. तिच्या अंगावर जगतात. मिठाच्या पाण्यात मिनिटभर बुडवा."

टाकीतलंच वाटीभर पाणी घेऊन मी त्यात मीठ विरघळवलं आणि तिला जाळीनं अलगद आत सोडलं. ती तडफडली. सासूबाई मागून म्हणाल्या, "दृष्ट काढतेस होय गं तिची?"

मी हसले. धागे सुटून वाटीच्या तळाशी बसले. परत टाकीत सोडल्यावर ती शेवाळाआड जाऊन बसली. दृष्ट म्हणे कौतुकानं बघणाऱ्याचीच लागते. आठवडाभर तिचं दुखणं मी कौतुकानंच बघत होते.