वाकदरीची दुसरी हिर

मी लंकाबाई. वाकदरीच्या शाळंत खिचडी शिजवते. माझ्या खिचडीला नाव ठेवनारं पोरगं अजून जन्माला यायचंय, पन मला माझं सांगायचं न्हाई. मला सांगायचंय ते आमच्या जयमालाबाईचं, आन् त्या एका दुपारचं. मधीच थांबले तर थांबू द्या, घाई करू नगा.

आमची ही वाकदरी नवी. जुनी वाकदरी धरनाच्या पान्याखाली हाय. नाथसागर भरला तवा मी परकरी पोर हुते. मी याच गावची लेक आन् याच गावची सून, म्हनून म्हायेर आन् सासर दोन्ही माझी पान्यातच गेली. उन्हाळा लागला का पानी मागं सरतं, काळं गाळाचं रान उघडं पडतं, त्यात लोकं टरबुजं लावत्यात. पन जुनं गाव काय दर साली दिसत न्हाई. पाऊस लईच रुसला तरच ते वर येतं.

जयमालाबाई भीमनगरातली, सहादूची लेक. नगरला शिकली, मास्तरीन झाली, आन् बदली मागून परत याच गावात आली. लोकं बदली मागून नगरला जात्यात, ही उलटी. मी तोंडावर म्हनले, "बाई, डोकं ठिकान्यावर हाय का तुमचं? नवरा सुप्याच्या कारखान्यात, तुमी हितं धुराळ्यात."

तर हसली. हसली का तिच्या एकाच गालाला खळी पडते. म्हनली, "मावशी, कॉलेजात असताना आम्हाला कोकणात नेलं होतं. ओहोटी लागल्यावर सरांनी सगळ्यांना चिखलात उतरवलं. खेकड्यांची बिळं, शिंपले, पाखरांच्या पायांचे ठसे, सगळं हातानं बघायला लावलं. मी तिथं उभी राहिले आणि मला आपलं गाव आठवलं. आपल्याला समुद्र नाही, पण काठ आहे की. आपल्या पोरांना तो कुणी दाखवला?"

झालं. तवापासून दर साली सातवीची पोरं घिऊन ही काठावर. कुनाचं ऐकती व्हय? पाखरू कोनतं, ते काय खातं, गोगलगाय मेली तर पान्याचं काय हुतं, सगळं चिखलात हात घालून. फेकून दिलेली नायलॉनची जाळी पाखरांच्या पायात अडकत्यात, ती पोरं येचून पोत्यात भरत्यात. अडकलेलं पाखरू दिसलं का आधी त्याला सोडवायचं, मग बाकीचं, अशी तिची शिकवन. सगळ्यांनी एका हातात काठी घिऊन, एकच लांब कासरा धरून चालायचं. पायतान काढायचं. आन् पाऊल टाकायच्या आधी पुढच्या गाळावरच्या खुना वाचायच्या. कुत्रं गेलंय का, म्हस गेलीय का. "गाळ खोटं बोलत नाही," म्हनायची. "जिथं कुणीच गेलं नाही, तिथं आपण जायचं नाही."

तिच्या आजीचं, कलाबाईचं, ती कवातरी सांगायची. कलाबाई मरस्तवर जुन्या वाकदरीचंच बोलायची. "आजी म्हणायची, आमच्या हिरीवरून मारुतीची पाठ दिसायची," असं एकदा बाई मला चुलीपाशी म्हनली. मी परातीत तांदूळ निवडत हुते. कोनती हिर, असं मी काय इचारलं न्हाई. म्हातारी मान्सं बोलत्यात कायबाय, असं मनात म्हनले.

त्या साली पाऊस रुसला आन् जुनं गाव वर आलं. आन् त्याच साली माझी नात धनश्री सातवीत हुती. तिचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले, पोर माझ्या वटीत टाकून. जाताना सून ट्रॅक्टरवरून म्हनली हुती, "आत्याबाई, धनूला पान्याकडं सोडू नगा." मी म्हनले, माझ्या डोळ्याआड हू द्यायची न्हाई. म्हनून काठावर खिचडी करायच्या नावाखाली मीबी गेल्ते. पोरीला काय झालं असतं तर सुनंला मी कोनतं तोंड दाखवनार हुते, तुमीच सांगा.

बाईनं रामहरीआप्पालाबी संगं घेतलं. आप्पा गावातला सगळ्यात म्हातारा मानूस, जुन्या वाकदरीचा उंबरा न् उंबरा त्याला पाठ. पोरांना जुनं गाव दाखवा, अशी बाईनंच इनंती केली हुती.

काय सांगू तुमाला त्या रानाचं. सूर्य डोक्यावर, तरी उजेड मेल्यावानी. कुठं भित ढोपराएवढी, कुठं नुसता जोत्याचा दगूड, कुठं पाटा उलटा पडलेला. सगळीकडं पांढऱ्या गोगलगायींची कवचं, पायाखाली कुरकुर वाजत हुती. वारं न्हाई. लांब पान्यावर रोहित पक्ष्यांची लाल-पांढरी रेघ, आन् तीबी मुकी.

आप्पा म्होरं चालला हुता. कासरा न्हाई, काठी न्हाई. त्याला काय, सगळा रस्ता पाठ. एका जोत्यापाशी थांबला, टोपी सारखी केली आन् म्हनला, "राम राम शेठ. सोनाराचं घर हे, पोरांनो." म्होरं गेला. "हितं माझी चुलती. काय गं, पोळ्या झाल्या का?" त्यानं इचारलं, आन् खरंच उत्तराची वाट बघत उभा ऱ्हायला. पोरं आधी फिसफिसली. मग गप झाली. मी म्हनले, "आप्पा, हे काय चाळं लावलेत? पोरं भ्यायली." आप्पानं माझ्याकडं बघितलं बी न्हाई.

मारुतीच्या देवळाची एकच भित उभी हुती. ती वलांडून आमी गावाबाहेर आलो. तिथं मोकळं, सपाट. टिटवी कुठंतरी वरडत हुती, सारखी सारखी. मला टिटवी सोसत न्हाई.

पोरं खुना वाचत हुती. हे बगळ्याचं, हे कोल्ह्याचं, ही म्हस. सगळा गाळ ठशांनी भरलेला. आन् मधी एक जागा तेवढी कोरी. गोल. ताटावानी गोल. कडंला येऊन सगळ्या खुना वळलेल्या. कोल्हं आलं, वळून गेलं. म्हस आली, वळून गेली.

"बाई," कुनीतरी हळू म्हनलं, "हितं कुनीच चाललं न्हाई."

बाई उकिडवी बसली. लांबूनच बघितलं. मग इचारलं, "आप्पा, ही जागा कसली?"

"कसली न्हाई. गावाबाहेरचा माळ ह्यो. चला, खालची भुई टनक हाय."

"जुन्या गावाला विहिरी किती होत्या?"

"एक. चिरेबंदी. ती पार तिकडं चावडीम्होरं. मघाशी दावली की तुमाला. दुसरी हिरच न्हवती वाकदरीला."

मीबी मान हालवली. खरंच की, एकच हुती. मी सोता तिच्यावरनं पानी आनलेलं.

बाई उठली. सावकाश मागं वळली, आन् देवळाच्या त्या एकट्या भितीकडं बघत ऱ्हायली. ती भित देवळाची मागची हुती. मारुतीची पाठ. बाईच्या तोंडावरचं रगत उतरलं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"सगळे मागं!" ती वरडली. "कासरा धरा! मागं सरका!"

पन धनू कासऱ्याला न्हवतीच. शेपटाकडनं शेवटची हुती ती. त्या कोऱ्या जागंच्या पल्याड एक बगळा जाळीत अडकून फडफडत हुता. बाईचीच शिकवन, अडकलेलं पाखरू आधी सोडवायचं. पोर सरळ निघाली हुती. कडंवरनं दोन पावलं आत, आन् खाली.

आवाज झाला न्हाई. हेच मला अजून झोपू देत न्हाई. पानी आसतं तर डुबुक वाजलं आसतं. गाळानं नुसतं तोंड उघडलं. कंबर गेली, छाती गेली. धनू वरडलीबी न्हाई, माझ्याकडं बघत हुती फकस्त.

मी धावले. बाईनं माझा पदर धरून मला खाली पाडलं, अशी पाडली का तोंडात चिखल गेला. "पळायचं नाही मावशी! आडवं व्हा! माझे पाय धरा!" आन् सोता पोटावर पडून, पोरांच्या काठ्या अंगाखाली आडव्या टाकत, सरपटत म्होरं गेली. "धनू, पाय मारू नको बाळा. हात पसर. बाईंकडं बघ." आवाज आसा शांत का वर्गात पाढे म्हनून घेतीय.

धनू खाकंपतूर गेली. मी बाईच्या पायांना मिठी मारून देवाला शिव्या घालत हुते, खोटं कशाला बोलू. आन् मग पोर थांबली. खाली जायची थांबली. गाळात कुनीतरी धरून ठिवल्यागत तिथंच उभी ऱ्हायली. बाईनं तिच्या खाकंतनं कासरा घातला, मागनं सगळ्या पोरांनी वढला, आन् गाळानं तिला सोडली. सोडताना मातूर आवाज आला, बुळुक, आन् ती जागा परत मिटली. गोल. कोरी. जशी हुती तशी.

पोरीला मी छातीशी धरलं, दोन मुस्काडीत लावल्या, परत छातीशी धरलं. बगळ्याला बाईनं काठीनं जाळी वढून सोडवलं. मी म्हनले, मरू द्या त्या बगळ्याला. तिनं सोडवलाच.

काठावरच्या चुलीपाशी मी पोरीचं अंग पुसत हुते, तवा ती हळूच म्हनली, "आजी, खाली कुनीतरी पायाखाली हात दिला."

"दगड असेल," बाई म्हनली. "जुन्या विहिरींना आत उतरायला चिरे बाहेर काढलेले असतात. त्यावर पाय टेकला."

"पन बाई, तुमी म्हनला हुता खालचा गाळ गार आसतो. ते ऊन हुतं. चुलीपुढनं उठलेल्या मानसाच्या हातावानी."

बाई पोरीच्या पायाची टाच हातात घिऊन बसून ऱ्हायली.

आप्पा लांब एका जोत्यावर बसला हुता, मान खाली घालून. मी गेले. राग इतका आल्ता का म्हातारा म्हनून सोडला, न्हाईतर. "आप्पा, मेल्या सोनाराला राम राम घालता, उंबरा न् उंबरा ठाव तुमाला, आन् एवढी मोठी हिर ठाव न्हाई?"

आप्पानं टोपी काढून ढोपरावर ठिवली. मग म्हनला, "लंके, आपन तिकडं कवा गेलो का?"

न्हाई गेलो. मला माझी आई आठवली. मारुतीच्या मागं जाऊ नगं, तिकडं हडळ ऱ्हाती, आसं सांगायची. मी भ्यायचे, म्हनून कवा गेले न्हाई. तिकडं हडळ न्हवती ओ. तिकडं कलाबाई ऱ्हात हुती, तिची पोरंबाळं ऱ्हात हुती. आमच्या चिरेबंदी हिरीवर त्यांना पानी भरू द्यायचे न्हाईत, म्हनून त्यांनी आपल्या हातानं हिर खांदली. आमी जितीजागती मान्सं हडळ केली, त्या हडळीच्या भ्यानं हिर इसरलो, आन् त्याच हिरीत माझी पोर गेली. लाज वाटली मला. आजबी वाटते.

हेडमास्तर म्हनले, काठावरची सहल बंद. मी शाळंत जाऊन सांगितलं, बंद-बिंद काय न्हाई, पुढच्या साली सगळ्यात म्होरं आमची धनू कासरा धरंल. आन् बंदच करायची आसंल तर खिचडी तुमी शिजवा.

मग एक दिवस बाई, धनू आन् मी त्या जागंवर येळू रोवायला गेलो, लाल फडकं बांधून, लांबनं दिसावं म्हनून. मी पदराखाली हिरव्या बांगड्या आन् नारळ घेतला हुता. हिरीतल्या आसरांना, पान्यातल्या देवींना, वाहायचा आमच्यात रिवाज हाय, पोर वाचली की. बाईनं बघितलं.

"मावशी, आमच्यात हे मानत नाहीत."

"तुमच्यात न्हाई, ठीक. मग पोरीला खालनं कुनी धरलं?"

"दगडानं."

"ऊन दगडानं?"

बाईनं येळूच्या बुडाशी माती दाबली. मग वर न बघता म्हनली, "आजी सांगायची. विहीर बांधून होत आली, तेव्हा तिनं गवंड्याशी भांडून वरच्या अंगाला एक चिरा जास्त बसवून घेतला. पोरं वाकून पाणी काढतात, पडली तर पाय टेकायला हवं म्हणून. माझी आजी भारी भांडकुदळ होती, मावशी. तुमच्यासारखी."

"एवढी वर्सं ह्या हिरीचं आमाला सांगितलं का न्हाई?"

"मी एकदा सांगितलं होतं. तुम्ही तांदूळ निवडत होता."

मी बांगड्या परत पदरात बांधल्या. धनूनं प्यायला आनलेला तांब्या उचलला, कासरा धरून कडंपतूर गेली, आन् सगळं पानी त्या गोल जागंवर वतलं. "कलाआज्जी, पानी घ्या," म्हनली. आमच्या घरातलं त्या हिरीवर गेलेलं पहिलं मानूस ती. गाळानं पानी मिटून घेतलं. जरा येळानं खालनं एक बुडबुडा वर आला आन् फुटला.

दगूडच म्हननाऱ्या बाईनं माझा हात धरला. तिचा हात बर्फावानी गार पडला हुता.