हाताने चालणाऱ्या गाडीची पीयूसी

लहानपणी पोलिओ झाल्यापासून माझ्या उजव्या पायात जोर नाही. मला शाळेत नोकरी लागली त्या वर्षी बाबांनी एक छोटी डिझेल गाडी घेतली आणि वडनेरच्या, म्हणजे माझ्या माहेरच्या, एका मिस्त्रीकडून ती माझ्यापुरती बदलून घेतली. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला एक लोखंडी दांडा बसवला. दांडा आपल्याकडे ओढला की तारेने अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो, पुढे ढकलला की ब्रेक लागतो. क्लच डाव्या पायाने. आरसीवर या बदलाची रीतसर नोंद आहे. शेगावहून वरवट बकालजवळच्या माझ्या शाळेत मी पंधरा वर्षं याच गाडीने जाते आहे. एसटीची पायरी मला चढता येत नाही, त्यामुळे गाडी नसली की माझी नोकरीही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पंधरा वर्षं झाली म्हणून गाडीची नोंदणी नव्याने करायची होती. बुलडाण्याला आरटीओत शुक्रवारची वेळ मिळाली होती. पीयूसी संपली होती, म्हणून मंगळवारी शाळा सुटल्यावर धुराची तपासणी करायला गेले. नेहमीचं केंद्र बंद होतं, म्हणून दुसऱ्या ठिकाणी. तिथल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि म्हणाला, "मॅडम, पूर्ण रेस करा."

मी दांडा जाईल तितका ओढला.

"अजून."

"यापुढे जात नाही हो. इतकाच जातो."

त्याला ते पटलं नाही. "जरा उतरता का?" म्हणाला. मी कुबडी घेऊन उतरले. तो आत बसला आणि पायाने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. माझ्या गाडीचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मागून काळाकुट्ट धूर निघाला. रांगेतल्या मोटारसायकलवाल्याने रुमाल नाकाला लावला. मला एखाद्या लेकराने चारचौघांत उलटी करावी तशी लाज वाटली.

"फेल आहे," स्क्रीनकडे पाहत तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "थोडंफार असतं तर चालवून घेतलं असतं. हे खूपच वर आहे. मिस्त्रीला दाखवा."

आजवर दरवर्षी मीच दांडा ओढायचे आणि कागद मिळायचा. त्यात काही राहून जातंय, हे कधी मनातही आलं नव्हतं. त्या रात्री नवऱ्याचा नागपूरहून फोन आला. "होईल काहीतरी," तो म्हणाला. मला जेवण गेलं नाही. आरटीओतले साहेब गाडी भंगारात काढायला सांगतील, नवी गाडी बदलून मिळेपर्यंत शाळेत कसं जायचं, हेच डोक्यात फिरत राहिलं.

बुधवारी रजा टाकून वडनेरला गेले. ज्यांनी दांडा बसवला त्या चाचांचं गॅरेज हायवेला लागूनच आहे. डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झालेले, त्यामुळे काळा चष्मा लावून ते खाटेवर बसले होते. बाबा गेल्यानंतर मी त्यांना भेटलेच नव्हते.

"काऊन आली बेटा?" माझी हाक ऐकून त्यांनी आवाजावरूनच ओळखलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी कारागिराकडून हवेचं आणि डिझेलचं फिल्टर बदलून घेतलं. मग स्वतः दाराशी वाकून बोटांनी दांड्याचं बूड चाचपलं.

"याच्याखाली एक बोल्ट हाय," ते म्हणाले. "त्याच्यानं दांडा अर्ध्यावरच अडते. म्याच लावला होता. तुह्या बाबानं सांगतलं होतं, पोरीले जास्त पळवू देऊ नोको."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तू कधी इचारलंच नाही. आमाले वाटलं, साल-दोन सालानं येशीन, म्हणशीन गाडी पळत नाही. मंग काढू."

मी पंधरा वर्षांत तसं म्हटलंच नव्हतं. ट्रकवाले हॉर्न वाजवत पुढे जायचे. मला वाटायचं, आपली गाडीच तशी आहे. बाबांचा राग यावा की रडू यावं, ते कळेना.

"हळूहळू चालून चालून काजळी धरली इंजिनानं," चाचा म्हणाले. "बोल्ट काढतो. आता तिले हायवेवर दाबून पळवा लागते, मलकापूरकडं."

"तुमी पळवा ना."

"मले डॉक्टरनं मना केलं. मी बसतो बाजूले."

"चाचा, मले नाही जमणार."

"मंग शुक्रवारी काय दाखवशीन?"

कारागिराने बोल्ट काढला, मी स्टिअरिंगवर बसले. चाचा शेजारी बसले. हायवेला लागल्यावर त्यांनी गाडी तिसऱ्या गिअरमध्येच ठेवायला सांगितली. मी दांडा ओढला. जिथे तो नेहमी थांबायचा तिथून, पायरी चुकावी तसा, तो पुढे आला. इंजिन ओरडू लागलं. आरशात मागचा रस्ता धुराने दिसेनासा झाला. तळहाताला घाम फुटून दांडा निसटू लागला, तसा मी हात सैल सोडला.

"सोडू नोको," चाचा म्हणाले. "ओढून धर."

"समोर टँकर हाय."

"मले कुठं दिसून राह्यलं? तूच पाह्य. दूर असन तर ओढ."

टँकर दूर होता. मी ओढून धरला. मलकापूरच्या अलीकडून गाडी वळवली आणि तसंच परत आले. मग पुन्हा एकदा. दुसऱ्या खेपेला आरशात मागची झाडं दिसायला लागली. माझा खांदा मात्र इतका दुखत होता की गॅरेजसमोर गाडी उभी केल्यावर दांड्यावरची बोटं एकेक करून सोडवावी लागली. चाचांनी चहा मागवला.

गुरुवारी त्याच केंद्रावर गेले. या वेळी मी उतरले नाही. "मीच करते," म्हणाले आणि दांडा शेवटपर्यंत ओढला. त्या माणसाने सांगितलं तितक्या वेळा ओढला. एकेका आकड्यानंतर तो नुसता "हं" म्हणायचा, आणि त्या "हं"चा अर्थ मला लागत नव्हता. शेवटी त्याने मोबाइलवर नंबरप्लेटचा फोटो घेतला. पास झालेल्या गाडीचा घेतात की नापास झालेल्या, तेही मला माहीत नव्हतं.

"झालं मॅडम," कागद खिडकीतून आत देत तो म्हणाला. "पास आहे, पण काठावर. गाडी पळवत जा जरा."

मी कागदावरचा गाडीचा नंबर दोनदा वाचला. मग मुख्याध्यापिकांना फोन करून सांगितलं की उद्या बुलडाण्याला जायचं आहे, सोमवारी येते. मागचा रिक्षावाला जागा मोकळी होण्याची वाट पाहत होता. मी त्याला हाताने थांबायची खूण केली, कागद कप्प्यात ठेवला, गाडी सुरू केली आणि दांडा ओढला.