दुधाची दाढ

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राचे माझे एक सहकारी प्राध्यापक कुठलंही जीवाश्म आधी जिभेला लावून बघायचे. खरं जुनं हाड जिभेला चिकटतं. शहराला टँकर लागायचे ती वर्षं. "धुवायला पाणी कुठंय सर? थुंकीवरच भागवायचं," म्हणायचे आणि एकटेच हसायचे.

कच्छहून त्यांनी एक इवलासा जबडा आणला. प्राणी सशाएवढा, रवंथ करणारा, केव्हाच नामशेष झालेला. ही नवीच जात आहे, असा त्यांचा दावा होता, आणि सगळा भरवसा तीन भागांच्या एका दाढेवर. मला ती दुधाची दाढ वाटत होती. ओळखीच्या जातीच्या पिल्लालाही तशीच असते.

"एक्स-रे काढू. खाली पक्की दाढ दडली असेल तर दिसेल," मी म्हणालो.

"नाय ओ सर, लई नाजूक हाड हाय." जबडा कापसात गुंडाळून त्यांनी सुपारीच्या डबीत ठेवला.

काही दिवसांनी क्रांती चौकात, दातांच्या दवाखान्याच्या जिन्यावरून ते उतरताना दिसले. एका हातात ती डबी, दुसऱ्या हातात एक्स-रेचं पाकीट. मला पाहताच दोन्ही पिशवीत गेली आणि हात गालावर आला.

"दाढ ठणकतीय सर."

दुसऱ्या दिवशी त्याच गालाखाली ते फुटाणे फोडत होते. "मग, शोधनिबंध धाडायचा का?"

एक्स-रेत काय दिसलं, ते मी विचारलं नाही. नव्या जातीच्या नावापुढं निबंध लिहिणाऱ्यांची आडनावं लागतात, आणि निबंधावर त्यांच्या आडनावानंतर माझं होतं.

"धाडा," मी म्हणालो.