इंजिनावरचा म्हसोबा

मालनबाईने म्हसोबाला कौल लावल्याशिवाय छगनला घराबाहेर पाऊल टाकता येत नसे. ओल्या धोंड्यावर ती दोन फुलं चिकटवायची. उजवं गळलं की छगन सुटायचा आणि उशिरा का होईना, राहात्याच्या तेलगिरणीत पोचायचा. तिथं बन्सी मिस्त्री टपलेलाच असे. "काय रं, झाला का तुज्या बायकूचा धोंडा राजी?" सगळी गिरणी खिदळायची.

दुष्काळाच्या आदल्या साली एका सकाळी छगनचं टाळकं फिरलं. शेंदूर फासलेला धोंडा सायकलीच्या कॅरियरला बांधून त्याने आणला आणि दाणकन इंजिनावर ठेवला. "घ्या! इंजिन चालू करू का, आता तुमीच इचारा त्याला!"

हसू जागच्या जागी जिरलं. धोंड्याला हात लावायला कोणी धजेना. शेवटी बन्सीनेच चपला काढल्या आणि हाताशी होता त्या तेलाच्या चिकट गाळाने दोन फुलं चिकटवली. ती कसली गळतात! दुपारपर्यंत गिरणी बंद, आणि शेटसकट सगळे हात जोडून उभे.

मालनबाई भाकरी घेऊन आली, तिने धोंडा पाहिला आणि सरळ उचलून काखेत मारला.

"आवं, दाराला लावायचा धोंडा ह्यो! सकाळधरनं दार आपटतंय घरी."

"खऱ्या म्हसोबाला हात लावायची माजी कुठं छाती हाय? म्हनून ह्यालाच शेंदूर फासला," छगन पुटपुटला.

मालनबाई बन्सीकडे वळली. "भावजी, मी येडी खरी. पन मी देवाच्या तरी पाया पडते!"