अक्कांच्या वाफ्यातली लीद

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. देवापुढेही कधी पुटपुटले नाही — त्याला ठाऊकच असणार, मग कशाला, असं म्हणून वेळ मारून नेली. आज तुम्हाला सांगते. अडखळत सांगेन, तेवढं चालवून घ्या.

धुळ्याला आमच्या घरामागे थोडी जागा आहे. तिथली माती म्हणजे नुसता मुरूम आणि विटांचे तुकडे. मेथीसुद्धा उगवून पिवळी पडायची. आणि मला तिथं भरताची वांगी हवी होती! चातुर्मासभर वांगं बंद. चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा, मगच तोंडात घालायचं. त्या दिवशी गल्लीला घरच्या वांग्यांचं भरीत वाढायचं, असा माझा हट्ट. हौस म्हणत होते मी त्याला. मिरवायचं होतं — तेच खरं.

वाट दाखवली करीमभाई टांगेवाल्यांनी. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं, गल्लीतल्या बायका त्यांच्याच टांग्यातून स्टेशनावर जायच्या. फाल्गुनात त्यांनी घोडीची लीद पोत्यानं आणून दिली. म्हणाले, "बाई, लीद लई गरम राहती. खड्ड्यात टाका, पानी मारा, पावसाळ्यापर्यंत हात लावू नका. ताजी घातली तर मूळ जाळती." मी ऐकलं. श्रावणात खड्डा उघडला, तर आत काळंभोर, भुसभुशीत खत. वास नावालाही नाही.

शेजारच्या अक्का अमळनेरकडच्या. त्यांच्या आईनं जपलेलं वांग्याचं बी त्यांच्याकडे चिमूटभर उरलं होतं. त्याची रोपं केली आणि निम्मी मला आणून दिली — मी मागितलीही नव्हती. एवढंच म्हणाल्या, "तुन्हा खड्डामधलं खत माले बी थोडं दे वो."

आता तिथवर आलेच आहे, तर सांगून टाकते. खत दोन्ही वाफ्यांना पुरलं असतं का? पातळ पसरलं असतं, तर पुरलं असतं. पण मला पातळ नको होतं. मी ते सगळं माझ्या वाफ्यात घातलं, आणि अक्कांना आदल्या दिवशी आलेलं ताजं पोतं दिलं. वर मूठभर जुनं खत भुरभुरलं — काळं दिसावं म्हणून. करीमभाईंचं सांगणं विसरले होते का? छे. चांगलं लक्षात होतं. एवढ्यानं काय होतंय, असं मनाला समजावलं.

आठ दिवसांत अक्कांची रोपं करपली. माझी तरारली. अक्का एकेक रोप उपटून जमिनीवर ओळीनं ठेवत होत्या. "मन्ही मायनं बी व्हतं ते," म्हणाल्या, "बठ्ठं जयी गयं." सगळं जळून गेलं.

त्यांनी करीमभाईंना बोलावलं. ते उकिडवे बसले, बोटानं माती उकरली, लिदीचा अख्खा गोळा निघाला तो चुरून पाहिला. जन्म घोड्यांत गेलेला माणूस — त्याला कळणार नाही? मग माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, खड्ड्यातलीच दिली होती ना?"

मी "हो" म्हणाले.

त्यांनी हाताची माती झटकली. "मग माझ्याच पोत्यात काही गडबड असंल," म्हणाले आणि उठले. का वाचवलं त्यांनी मला? अजून उमगत नाही. मी मात्र तेवढ्यावर थांबले नाही. गल्लीत चर्चा झाली — घोडीचं औषध सांडलं असेल, लीद बाटली असेल — आणि मी मान डोलावली. करीमभाईंवर भरवसा नको म्हणून बायका दुसरा टांगा बोलवू लागल्या. कित्येक महिने त्यांची घोडी कोपऱ्यावर नुसती उभी असायची.

चंपाषष्ठीला माझं भरीत सगळ्यांनी वाखाणलं. दोन वांगी झाडावरच पिकवून बी धरलं आणि अक्कांना दिलं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मायचं बी तू वाचवलंस, म्हणाल्या! ते कौतुकही मी मुकाट्यानं घेतलं. लाज कुठे ठेवली होती मी?

याला चार वर्षं झाली. आता मागची माती इतकी सुधारलीय की हात घातला तर मनगटापर्यंत जातो. अक्कांच्या आईची वांगी गल्लीत घरोघरी लागतात, आणि ती बघून खरंच जीव सुखावतो. बायका पुन्हा करीमभाईंच्या टांग्यात बसतात — लोक विसरले म्हणून. मी काही बोलले म्हणून नव्हे. अक्का तेवढ्या अजून बसत नाहीत. काल नव्या सुनेला सांगत होत्या, "करीमभाईनी लीद नको लेऊ वो, बठ्ठं जयी जास." भिंतीपलीकडून मी ऐकलं, आणि रात्रीचं जेवण गेलं नाही.

आत्ता करीमभाई माझ्या मागच्या दाराशी पोतं उतरवताहेत. अक्का त्यांच्या ओट्यावर भाजी निवडताहेत. सूनही शेजारीच आहे. मी तिघांनाही हाक मारणार आहे, आणि करीमभाईंच्या देखत सांगणार आहे — ताजी लीद मी दिली होती, अक्का. जाणूनबुजून दिली होती.