परतीचा वाडगा

याकोबमास्तरांच्या घरी गेलेलं भांडं रिकामं परत आलेलं रत्नागिरीत कोणी पाहिलं नव्हतं. शेजारून कालवण आलं की दुसऱ्या दिवशी त्याच वाडग्यातून पपईच्या फोडी जायच्या. पपई नसली तर कढीपत्ता, तोही नसला तर शेवग्याच्या शेंगा. शेंगा वाडग्यात मावत नसत म्हणून त्या वर आडव्या ठेवून, दोन्ही हातांनी तोल सांभाळत मास्तर स्वतः निघत. एकदा घरात काहीच नव्हतं, तेव्हा त्यांनी वाडग्यात विहिरीचं गाळलेलं पाणी भरून धाडलं, असं शाळेतले शिक्षक सांगत. मला त्यात अविश्वास ठेवण्यासारखं काही वाटलं नाही.

मी मिशनच्या शाळेत नोकरीला म्हणून नगरकडून आलो, ते तीस सालाच्या आसपास. मास्तर त्या शाळेत जुने. पाळकसाहेब महिन्यातून एखादे वेळी येत, त्यामुळे रविवारची उपासना मास्तरच चालवत. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. माझी राहायची सोय त्यांच्याच पडवीतल्या खोलीत केलेली होती. आंबा घाट उतरून, पालीची लाल धूळ अंगावर घेऊन मी दारात उभा राहिलो आणि आईने बांधून दिलेल्या भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं त्यांच्या हाती दिलं. मास्तर आत गेले आणि मी वहाणा काढेपर्यंत एक सोललेला नारळ घेऊन बाहेर आले. "घ्या. घाटावर हे मिळत नाही." मी राहणार त्यांच्याच घरी, जेवणार त्यांच्याच चुलीवरचं. तो नारळ मी ठेवणार कुठे? अखेर त्यांच्याच स्वयंपाकघरात ठेवला आणि रात्री दोघांनी मिळून त्याची चटणी खाल्ली.

आता गंमत अशी की या माणसाचा उपदेशाचा आवडता विषय होता देवाची कृपा. कृपा विकत मिळत नाही, कमावता येत नाही, तिची परतफेड होत नाही. "कृपेला तराजू लागत नाही रे बाबांनो!" असं सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. तो नाटकी नव्हता, याची खात्री मी देतो. उपासना संपली की घरी येऊन ते परड्यात हिंडत आणि शेजारच्या वाडग्यासाठी दोन पपयांतली मोठी कुठली ते हातात तोलून बघत.

बाजारात आणि मांडवीच्या धक्क्यावरही ते बोलायला उभे राहत. बोटीची वाट पाहणारे लोक ऐकत, कारण दुसरं करण्यासारखं काही नसे. एकदा ते रंगात येऊन सांगत होते, देव फुकट देतो, पूर्ण फुकट! तेव्हा गाठोड्यावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, फुकट देताहेत म्हणजे मालात कायतरी खोट असणार. चांगला हापूस कोन फुकट वाटतो काय?" लोक हसले. मास्तरही हसले. परतताना घराजवळ आल्यावर म्हणाले, "कोकणी माणसाला नरकाची भीती घालणं सोपं आहे रे सुमंता. फुकट घे म्हणून सांगणं कठीण." बोलताना त्यांच्या खांद्यावर कुणाकडून तरी आलेली पिशवी होती. ती परत करताना तिच्यात काय घालावं, याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होता.

शरण जाण्याच्या बाबतीतही तेच. रोज पहाटे गुडघे टेकून ते सगळा भार देवाच्या पायांशी ठेवत. शाळेची तपासणी, गळकं छप्पर, परीक्षेत नापास होणारी पोरं, सगळं एकेक नाव घेऊन ठेवत. आणि 'आमेन' म्हणून उठता उठता सगळं पुन्हा उचलून घेत. मी एकदा थट्टेने म्हटलं, "मास्तर, छप्पर तर आता देवाकडे दिलं ना?" शिडी खांद्यावर घेत ते म्हणाले, "दिलंय. पण त्याला कौलं कुठली फुटलीत ते ठाऊक नको?"

शास्त्र वाचायची त्यांची रीत मात्र मला फार आवडे. मी धडाधडा अध्याय संपवणारा. ते चार ओळी वाचत, पुस्तक मिटत आणि डोळे मिटून बसत. "शास्त्र गिळायचं नसतं," म्हणायचे. "सुपारीसारखं गालात धरून ठेवायचं. आपोआप सुटतं." त्यांच्या गालात वर्षानुवर्षं धरलेली एक गोष्ट होती. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू शिष्यांचे पाय धुवायला बसतो आणि पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. दर वर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी मास्तर यावरच बोलत. "हा पेत्र मूळचा कोकणातलाच असणार," ते म्हणत. "तलवार उपसायला तयार, बुडायला तयार, पण मेला पाय पुढे करील तर शपथ!" सगळी मंडळी हसायची. हसण्याचं खरं कारण मास्तर सोडून सगळ्यांना माहीत होतं.

ज्या वाडग्याबद्दल सांगतोय, तो खतिजाबींचा. आमचं घर राजिवड्याच्या अंगाला होतं. मध्ये चिऱ्यांचा बुटका गडगा आणि पलीकडे खतिजाबींचं अंगण. त्यांचे यजमान गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. त्यांनी बसऱ्याहून आणलेला, निळ्या काठाचा एनॅमलचा वाडगा त्या घरातून या घरात इतका फिरला होता की त्याच्या काठाचे टवके उडाले होते. त्यातून कधी सांदणं येत, कधी बांगड्याचं कालवण. खतिजाबी साठीच्या, अंगाने रुंद, जिभेने तिखट. गडग्यावर वाडगा ठेवून हाक मारत, "मास्तर! गरम हाय तवर खावा. मंग तुमची झाडंबिडं बघा."

एका पावसाळ्यानंतरच्या शनिवारी घरात परतीसाठी काही नव्हतं. पपई संपलेली, केळी कच्ची. मास्तर शेवग्यावर चढले. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, त्यावर चढू नये, हे कोकणात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. फांदी मोडली आणि मास्तर खाली आले, शेंगा हातात तशाच. मी आणि शेजारच्या दोघांनी त्यांना उचलून आत आणलं, तेव्हा वेदनेने पांढरे पडलेले ओठ हलवून ते पहिलं वाक्य बोलले, "आधी वाडगा पोचता कर." दुसऱ्या दिवशीच्या उपदेशाचा विषय त्यांनी ठरवून ठेवला होता. तो अर्थातच कृपा हा होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. या वयात ते सांधणं कठीण, पडून राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आयुष्यभर कुणाचं काही न ठेवणारा माणूस आता पाण्याच्या पेल्यालाही दुसऱ्याच्या हाताकडे बघू लागला. मी त्यांचं अंग पुसायचो, पाय धुवायचो. त्यांना ते भयंकर लागे. माझं काम झालं की उशाखालून एक पेपरमिंटची गोळी काढून ते माझ्या हातावर ठेवत. नको म्हटलं तर इतके कासावीस होत की मी मुकाट्याने घ्यायचो. त्या दिवसांत मी इतकं पेपरमिंट खाल्लं की अजून त्याचा वास आला तरी मला तो पलंग आठवतो.

वाडगा आता रोज येऊ लागला, पेज, माशाचं सार, कधी मऊ भात घेऊन. आणि मास्तरांची खरी दुखणी तिथे सुरू झाली. साखर गेली. चहाची पूड गेली. वाणसामान संपलं, तेव्हा त्यांनी मला पत्नीची एक चिनी मातीची बशी वाडग्यात ठेवून द्यायला लावली. शेवटी एक दिवस वाडगा आल्यावर तोंड भिंतीकडे करून म्हणाले, "भूक नाही म्हणून सांग." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. माणूस पेजेविना मरायला निघाला होता आणि कारण काय, तर घरात परत द्यायला पपई नाही!

मी गडग्यापाशी जाऊन खरं ते सांगून टाकलं. खतिजाबींनी वाडगा उचलला आणि तडक आमच्या घरात आल्या. पलंगापासून जरा दूर, उंबऱ्याशी बसल्या.

"मास्तर, मना एक सांगा. मी काय तुमचा वाणी हाय?"

मास्तरांनी तोंड भिंतीकडेच ठेवलं.

"इतकी वरसं तुमी वाडगा भरून धाडताव. मना वाटायचं, माणूस रीतीचा हाय. पण रीत परक्याची असते. माजी लेक सासरून येते, डबा भरून नेते नि रिकामा धाडते. तिला मी कधी इचारलं काय, त्यात काय घातलंस म्हणून? रिकामं भांडं घरच्या माणसाचं येतं. तुमी मना एकदापण घरचं मानलं नाय." वाडगा जमिनीवर ठेवून त्या उठल्या. "खायाचं तर खावा. नायतर कुत्र्याला घाला."

त्या गेल्यावर मास्तरांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते त्या घरात राहून इतक्या वर्षांत मी ऐकलं नव्हतं. पालीजवळच्या त्यांच्या गावात दुष्काळाच्या साली मिशनने तांदूळ वाटला होता. त्याच साली मास्तरांनी बाप्तिस्मा घेतला. गाव म्हणालं, पोरगा तांदळासाठी बाटला. थोरल्या भावाने दार लावून घेताना एवढंच विचारलं, "पोट भरलं काय रे?"

"तुम्ही तो तांदूळ घेतला नव्हता ना?" मी विचारलं. मला वाटलं, नाही म्हणतील.

"घेतला होता," मास्तर म्हणाले. "खाल्लापण. भूक लागली होती रे. आणि विश्वासही खरा होता. दोन्ही खरं होतं. पण दोन्ही सांगितलं की लोक एकच ऐकतात. तेव्हा ठरवलं, याच्यापुढे कुणाचा दाणा फुकट घ्यायचा नाही. कोणी म्हणता कामा नये, याकोब खायला आला." ते हसले. "जन्मभर त्या तांदळाचे पैसे फेडतोय. आणि दर रविवारी लोकांना सांगतोय, फुकट आहे, घ्या."

मला फार वाईट वाटलं. ज्या गोष्टीवर सगळी मंडळी इतकी वर्षं हसत होती, ती या माणसाने जन्मभर अंगावर काढली होती.

त्यांनी मला पेत्राची गोष्ट वाचायला लावली. वाचून झाल्यावर विचारलं, "शेवटी पेत्र काय म्हणाला?" मी म्हटलं, "म्हणाला, नुसते पायच नको, हात आणि डोकंही धू."

"बघ मेल्याला! घ्यायचं कबूल केलं तरी गप्प बसवेना. दोन शब्द आपले घातलेच." मग त्यांनी डोळे मिटले. ओळ गालात धरली आहे हे मला कळलं. संध्याकाळी मी पाण्याचं घमेलं आणलं तेव्हा चादर स्वतःच बाजूला करून त्यांनी चांगला पाय माझ्यापुढे सरकवला. मी पाय धुतले, पुसले. उशाखाली हात गेला नाही. तो जाऊ न देण्यासाठी त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली होती.

दुसऱ्या दिवशी वाडगा आला. मास्तरांनी पेज सगळी खाल्ली. मी वाडगा धुतला आणि सवयीने फळीवर काही सापडतं का ते बघू लागलो.

"राहू दे," ते म्हणाले. "रिकामाच ने."

"काय सांगू त्यांना?"

"काही सांगू नको. सांगायला लागलास की भरलाच म्हणायचा."

मी गडग्यापाशी जाऊन वाडगा पुढे केला. खतिजाबींनी आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. "रिकामा? अल्ला! मास्तर गेले काय?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्या अनवाणी, पदर सावरत आमच्या दारात पोचल्या. मास्तर उशीला टेकून वाट बघत होते.

"पोचला का वाडगा, भाभी?"

"पोचला."

"काय होतं त्यात?"

"काय नाय."

"मग बरोबर आहे," मास्तर म्हणाले. खतिजाबी उंबऱ्यावरच बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडत होत्या की हसत होत्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर मास्तर थोडेच दिवस होते. वाडगा रोज येई आणि रोज रिकामा जाई. त्यांना ते सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. काही दिवस वाडगा दाराबाहेर पडेपर्यंत ते डोळे मिटून घेत. पण उपास केला नाही. एका सकाळी पेज यायच्या आधीच ते गेले. मंडळीने त्यांना टेकडीवरच्या दफनभूमीत ठेवलं. पाळकसाहेब कृपेवर बोलले. चांगलं बोलले, पण कोणी हसलं नाही.

संध्याकाळी त्या घरात मी एकटा होतो. चूल पेटवायचं मनात येत नव्हतं. गडग्यावरून हाक आली नाही, पण दारात पावलं वाजली आणि झाकलेला वाडगा उंबऱ्यावर ठेवलेला दिसला. बांगड्याचं कालवण आणि भात. मी तिथेच बसून जेवलो आणि जेवताना पोटभर रडलो.

सकाळी वाडगा घासला. परड्यात आलो तर मोडक्या शेवग्याला उरलेल्या फांदीवर शेंगा लोंबत होत्या, हाताला येतील अशा. मी त्यांच्याकडे बघितलं. मी नगरचा, परका माणूस. शेजारणीचं भांडं रिकामं कसं न्यायचं? हात वर गेलासुद्धा. मग तो खाली घेतला आणि तसाच गडग्यापाशी गेलो.

खतिजाबींनी वाडगा घेतला. आत पाहिलं. काठावरचा टवका अंगठ्याने पुसला आणि म्हणाल्या, "उद्या काय खानार?"